सिनेमातलं मेसरश्मिट खोटं, माझ्या फोटोतलं स्पिटफायर दोऱ्याला टांगलेलं. काय करू?

अर्धवट_वैमानिक:

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत पण आतून कुठंतरी ते एकच असावेत असं वाटतंय म्हणून एकाच धाग्यात टाकतोय, भरकटला तर दोष माझा.

पहिला. परवा रात्री १९६९ चा 'बॅटल ऑफ ब्रिटन' (१९४० च्या ब्रिटन-जर्मनी हवाई लढाईवरचा) परत लावला. कितव्यांदा ते विचारू नका. एक मेसरश्मिट १०९, म्हणजे जर्मन लढाऊ विमान, सरळ कॅमेऱ्यावर चालून येतं तिथं सहज पॉज केलं आणि झोपच उडाली. १०९ ची प्लास्टिकची मॉडेलं मी शाळेत असल्यापासून जोडतोय, त्याचा चेहरा पाठ आहे, आणि हा चेहरा तो नव्हे! नाकाखाली गालगुंड झाल्यासारखी सूज, धूर सोडणाऱ्या नळ्या नाकावर वर चढलेल्या (१०९ ला त्या खालच्या अंगाला असतात ना?), आणि पाती मोजली तर चार. माझ्या कपाटातल्या एकूण एक १०९ ला तीन आहेत. मग हे आहे कोण?

दुसरा. आयुष्यातला पहिला एअर शो पाहिला, इंग्लंडमधल्या डक्सफर्डला. स्पिटफायर (त्या लढाईतलं ब्रिटिश लढाऊ विमान) समोरून गेलं तेव्हा आवंढा वगैरे सगळं झालं आणि त्या भरात कॅमेऱ्याचं शटर १/२००० सेकंदावर ठेवून नुसतं बटण दाबत सुटलो. घरी येऊन बघतो तर फोटो कडक शार्प, पॅनेलच्या रेषा मोजून घ्या, पण पातं जागच्या जागी थिजलेलं. विमान उडतंय असं वाटतच नाही, कुणीतरी दोऱ्याने टांगलंय. भावाने एकच प्रश्न विचारला, "इंजिन बंद पडलं होतं का रे?" त्यावर काय बोलणार. शिवाय निम्म्या फोटोंत विमान काळंकुट्ट, नुसती सावली.

तर सिनेमातलं विमान खरं कुठलं ते ओळखायचं कसं आणि माझ्या फोटोतलं विमान खरं वाटायला हवं तर काय करायचं?


शेपटीचं_चाक:

वा, अखेर कुणीतरी पॉज करून पाती मोजली! आता तू आमच्यातला झालास, यापुढे घरचे तुझ्यासोबत युद्धपट बघणार नाहीत, तयारी ठेव.

तुझं मेसरश्मिट स्पॅनिश आहे. नाव हिस्पानो एचए-१११२, लाडाचं नाव बुचोन. भानगड अशी की स्पेनने युद्धाच्या काळात जर्मनीकडून १०९ बनवायचा परवाना घेतला, सांगाडे जमले पण जर्मन इंजिनं काही हाती लागली नाहीत, जर्मनीला स्वतःलाच पुरत नव्हती. मग दुसरी इंजिनं बसवून बघितली आणि शेवटी पन्नाशीच्या दशकात बसवलं काय, तर रोल्स-रॉइस मर्लिन! म्हणजे स्पिटफायरचंच इंजिन. शत्रूचं काळीज छातीत घेऊन फिरणारं विमान. यापेक्षा भारी पटकथा कुणी लिहिली नसती.

आता तुझ्या तिन्ही खुणा बघ, तिन्ही त्या एका इंजिनामुळे आल्यात. जर्मन डाइमलर-बेन्झ इंजिन उलटं बसवलेलं असतं, सिलिंडर खाली आणि क्रँकशाफ्ट वर, त्यामुळे धुराच्या नळ्या खालच्या अंगाला. मर्लिन सरळ, सिलिंडर वर, म्हणून नळ्या वर चढल्या. मर्लिनला हवा घेणारं तोंड खाली लागतं म्हणून हनुवटी सुजली. आणि मर्लिनबरोबर चार पात्यांचा पंखा आला. बुचोन हे नावसुद्धा त्या सुजेवरूनच, गळा फुगवणाऱ्या कबुतराला तिकडे बुचोन म्हणतात.

त्याच सिनेमातली हाइंकेल बाँबर पण बघून घे, तीसुद्धा स्पेनमध्ये बनलेली, कासा २.१११, आणि तिच्यातही मर्लिन. १९६८ मध्ये शूटिंग झालं तेव्हा स्पॅनिश हवाईदलाची ही विमानं निवृत्त झालेली किंवा निवृत्तीच्या दारात उभी होती म्हणून घाऊक भावात मिळाली. थोडक्यात, जर्मन-इंग्रज दोन्ही बाजूंना एकच इंजिन भांडतंय. डोळे मिटून ऐकलंस तर कोण कुणाच्या मागे लागलंय ते देवालाच ठाऊक.


इंधन_संपत_आलंय:

बाकी काही म्हणा, त्या सिनेमातली स्पिटफायर तरी अस्सल. सगळी १९४० ची आणि खरोखर लढलेली. आजच्या कंप्युटरवर काढलेल्या विमानांना ती सर नाही.


शेपटीचं_चाक:

@इंधन, सगळी नाही हो. माझंही मन मोडलं होतं तेव्हा. १९४० ला लढलेलं एक मात्र त्यात नक्की आहे, नंबर पी७३५०, मार्क २ (मार्क म्हणजे स्पिटफायरची आवृत्ती). त्याच्या पंखावर गोळ्यांच्या भोकांची ठिगळं आहेत आणि ते अजून उडतंय, ब्रिटिश हवाईदलाच्या मेमोरियल फ्लाइटमध्ये. पण बाकीची पुष्कळशी नंतरच्या सालांची, मार्क ५, मार्क ९ वगैरे.

ओळखायला सोपंय. विमान वळताना पोट दाखवतं ना, तिथं पॉज करा. १९४० च्या स्पिटफायरच्या उजव्या पंखाखाली मोठा चौकोनी रेडिएटर असतो आणि डाव्या पंखाखाली छोटासा ऑइल कूलर, म्हणजे एक पाय बुटात आणि एक चपलेत. मार्क ९ ला दोन्हीकडे सारखेच मोठे डबे आणि पुढे चार पाती. मार्क ९ आलं १९४२ ला. म्हणजे १९४० च्या लढाईत दोन वर्षं आधीच हजर! सिनेमावाल्यांनी रंग, नंबर सगळं बदलून एकसारखं करायचा प्रयत्न केलाय पण रेडिएटर कुठं लपवणार.


शटर_मावशी:

फोटोच्या प्रश्नाला कोणी हातच लावत नाहीये म्हणून मी घुसते. अर्धवटराव (हे असं नाव का घेतलंत हो), तुम्ही जे केलंत ते प्रत्येकाने पहिल्या शोला केलंय. माझ्याकडे दोऱ्याला टांगलेल्या विमानांची एक आख्खी हार्ड डिस्क आहे.

जेटला १/२००० चालतं कारण बाहेर फिरणारं काही दिसत नाही. पंख्याच्या विमानाला ते विष. थोडं गणित करते, कंटाळू नका. मर्लिन इंजिन शोमध्ये उडताना समजा मिनिटाला २,१०० फेरे घेतंय, मध्ये गिअर असतो त्यामुळे पंखा निम्म्याहून जरा कमी, म्हणजे साधारण १,००० फेरे. सेकंदाला झाले सोळा-सतरा. १/१००० सेकंदात पातं जेमतेम ६ अंश हलतं, म्हणजे थिजलंच. तुमच्या १/२००० ला तर तीन अंश. १/२५० ला २४ अंश, जरा पुसट होतं. १/१२५ ला ४८ अंश, इथं फोटोत जीव येतो. आणि १/६० ला १०० अंश, चार पाती असतील तर दोन पात्यांमधलं अंतर ९० अंशच असतं, म्हणजे पूर्ण गोल चकती भरते. काही लोक त्या चकतीसाठी जीव टाकतात. माझं मत विचाराल तर पूर्ण चकतीचा हट्ट नको, १/१२५ च्या आसपास पात्याचे पंख्यासारखे पुसट पट्टे दिसतात ते मला जास्त आवडतात, डोळ्याला विमान तसंच दिसतं.

हार्वर्ड किंवा टेक्सन (एकाच ट्रेनर विमानाची दोन नावं) असेल तर गणित बदलतं. त्याला गिअर नाही, इंजिन आणि पंखा एकाच वेगाने, म्हणून १/२०० ला पण छान पुसट येतं. तो जो कान फाडणारा कर्कश आवाज असतो ना हार्वर्डचा, तो पण त्यामुळेच, पात्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ पोचतात.

आता खरी कसोटी. १/१२५ ला ४०० एमएमची लेन्स हातात धरून ताशी तीनशे-चारशे किलोमीटरने जाणारं विमान शार्प आणायचं. पाय विमान जिथं तुमच्या बरोबर समोर येणार तिकडे रोवायचे, मग कमरेतून मागे वळून त्याला पकडायचं आणि कमरेतूनच सोबत फिरत यायचं, हात नाही हलवायचे. फोकसचा ठिपका कॉकपिटवर. बटण दाबून झालं तरी फिरणं थांबवायचं नाही, नवशिके तिथंच थांबतात आणि शेवटचे फोटो हलतात. सुरुवात १/३२० ने करा, दोनचार पास बरे आले की खाली उतरा. थेट १/६० ला जाल तर शंभरात दोन येतील आणि त्यातलं एक शेपटीचं असेल.

अजून एक, भर उन्हात १/६० ला जायचं तर अॅपर्चर एफ २२ पर्यंत बंद करावं लागतं आणि मग सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आभाळात काळा ठिपका होऊन येतो. मी एकदा ते ठिपके लांबून येणारी विमानं समजून झूम करत बसले होते. एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) लावा, सुटका होते.

काळ्या विमानांचं म्हणाल तर डक्सफर्डला प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला असतात, ऊन दिवसभर समोरूनच. तुमची चूक नाही. आभाळ पांढरं असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वर चढवा, आभाळ गेलं उडत. आणि विमान वळताना पाठ दाखवतं तेवढ्या क्षणासाठी थांबा, वरच्या बाजूला उजेड असतो आणि पायलटचं डोकंही दिसतं. पोटाचे फोटो पहिले शंभर सोडले तर कुणी बघत नाही.


इंधन_संपत_आलंय:

चाकराव, मार्क ९ बद्दल चूक मान्य. बरं मग 'डंकर्क' सिनेमातली तरी बरोबर आहेत का? की तीही गेली?


शेपटीचं_चाक:

तिथं स्पिटफायरचं काम चोख आहे, मार्क १ ची दोन आणि मार्क ५ चं एक, तिन्ही खरी उडणारी, तीन पाती. जर्मन बाजूला परत आपला बुचोनच, पाती चार, हनुवटी सुजलेली. पन्नास वर्षं झाली तरी या कलाकाराला शत्रूचेच रोल. नाक पिवळं रंगवलंय ते मे १९४० मध्ये अजून आलेलं नव्हतं, पण मुद्दाम केलंय, पब्लिकला कोण कुठला ते कळावं म्हणून. मला ते खटकत नाही. तीनच तर विमानं दिसतात, त्यात पण गोंधळ झाला असता तर कोण कुणाला पाडतंय ते समजलंच नसतं.

त्यातली आवडती गंमत सांगतो. नट उडत्या स्पिटफायरमध्ये बसलेला दाखवायचा तर कसा, तिथं सीट एकच. मग त्यांनी दोन सीटचं रशियन याक-५२ घेतलं, त्याला स्पिटफायरसारखं नटवलं, एका सीटवर नट, दुसऱ्या सीटवर खरा पायलट, आणि विमानावर तो अगडबंब आयमॅक्स कॅमेरा. म्हणजे क्लोजअपमध्ये हिरो रशियन विमानात आहे. शॉट बदलला की परत इंग्लिश.

हे सोंग फार जुनं आहे. 'टोरा! टोरा! टोरा!' मधली जपानी झीरो लढाऊ विमानं म्हणजे बहुतेक हार्वर्ड-टेक्सन जातीची ट्रेनर विमानं आहेत, मागची काच कापून, शेपूट ताणून झीरो केलेली. मावशी म्हणाल्या तो कर्कश आवाज ऐका, चोर लगेच सापडतो. '६३३ स्क्वॉड्रन'मध्ये मॉस्किटो ही ब्रिटिश विमानं खरी लाकडी आणि त्यांच्या मागे लागलेली मेसरश्मिट म्हणजे १०८ ची फ्रेंच भावंडं, चार माणसं बसतील अशी प्रवासी विमानं. बंदूक तर सोडाच, सामानाला जागा होती!


थंड_चहा:

आवाजावरून आठवलं. कुठलंही विमान कोसळताना ती जी भेसूर किंचाळी येते ती जर्मन स्टुकाची आहे. स्टुकाच्या चाकांच्या दांड्यांवर छोटे पंखे बसवलेले असायचे, सूर मारला की वाऱ्याने फिरून भोंगा वाजायचा, खालच्या माणसांची गाळण उडावी म्हणून. सिनेमावाल्यांना तो आवाज इतका आवडला की आता प्रवासी विमान पडलं तरी स्टुका किंचाळते. एवढंच सांगायचं होतं, चालू द्या.


जमिनीवरचा:

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं पण थोडं कडू बोलतो. ही विमानं सिनेमासाठी आणि शोसाठी उडवायचीच कशाला? १९८९ मध्ये 'मेम्फिस बेल'च्या शूटिंगला इंग्लंडमधल्या बिनब्रूकला एक खरं बी-१७ (अमेरिकन बाँबर) टेकऑफला भरकटलं आणि जळून खाक झालं. नशीब, आतले सगळे वाचले. १९९६ ला इंग्लंडमधलं उडणारं शेवटचं मॉस्किटो दोघांना घेऊन गेलं. २०२२ ला डॅलसच्या शोमध्ये बी-१७ आणि किंगकोब्रा हे लढाऊ विमान हवेत एकमेकांवर आदळली, ६ माणसं गेली. एकेक करून संपतायत. म्युझियममध्ये ठेवा, मुलं बघतील. मी बी-१७ फक्त जमिनीवर उभं बघितलंय आणि माझं काही अडलं नाही.


शटर_मावशी:

जमिनीवरचे, तुमचं दुःख खोटं नाही. डॅलसचा तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला आणि महिनाभर कॅमेरा काढला नाही.

पण दुसरी बाजूपण बघा, सिनेमाने जेवढी मारली त्यापेक्षा जास्त वाचवली असतील. 'कॅच-२२' साठी डझनाच्या वर बी-२५ बाँबर गोळा केली तेव्हा ती भंगाराच्या वाटेवर होती, त्यातली बरीच आज एकतर म्युझियममध्ये आहेत किंवा उडतायत. त्या बुचोनांचंही तेच. शूटिंगमधल्या टेक्सासच्या एका पायलटने मानधनाऐवजी विमानंच घेतली, ती त्याच्या हँगरमध्ये कित्येक दशकं धूळ खात पडली आणि २०१४ च्या सुमाराला बाहेर आली. सिनेमा नसता तर कधीच वितळवली असती. आणि मॉस्किटो म्हणाल तर १९९६ नंतर जगात एकही उडत नव्हतं, मग न्यूझीलंडमध्ये लाकडी धडाचे साचे नव्याने बनवून एक उभं केलं, २०१२ ला उडालं, आता एकाहून जास्त आहेत. उडवायचं होतं म्हणून ती कला परत शिकली गेली. नुसतं काचेमागे ठेवायचं असतं तर साचे कुणी कोरले असते?


जमिनीवरचा:

साच्यांचं माहीत नव्हतं. पण सहा माणसांचा हिशोब त्याने जुळत नाही. असो, माझं मत बदललेलं नाही, फोटो टाकत राहा, बघतो मी.


शेपटीचं_चाक:

डक्सफर्डचा विषय निघालाय तर एक सांगून टाकतो. तिथं हँगरांच्या रांगेत एक जागा रिकामी आहे. लोकांना वाटतं १९४० ला जर्मनांनी बाँब टाकला असणार. जर्मनांनी नाही, सिनेमावाल्यांनी! 'बॅटल ऑफ ब्रिटन'साठी पहिल्या महायुद्धाच्या काळातलं खरं हँगर खरोखर उडवलं. पडद्यावर तो स्फोट बघताना आता माझा हात पोटावर जातो. जमिनीवरचे, यावर मात्र मी तुमच्या बाजूने.


अर्धवट_वैमानिक:

बापरे, किती ती माहिती. सगळ्यांचे आभार. मावशी, तुमच्या सांगण्याप्रमाणे तीन दिवस रस्त्यावरच्या बसवर पॅनिंगचा, म्हणजे सोबत फिरत फोटो काढायचा, सराव केला. १/१२५ ला साधारण चारशे फोटो, त्यातले धड अकरा. एका ड्रायव्हरने तर हात दाखवला, तो फोटो नेमका शार्प आलाय. पुढचा शो येईपर्यंत बस पुरेशा आहेत.

आणि हो, सिनेमा परत लावला. रेडिएटर मोजले, मार्क ९ सापडली, मन मोडलं. पण आता नवीनच भानगड. एका शॉटमध्ये स्पिटफायर जमिनीवर हळूहळू पुढे सरकतंय आणि पंखा चक्क उलटा फिरताना दिसतोय, मध्येच थांबतो, परत उलटा. हे पण कुठलं दुसरंच विमान आहे का? आणि माझ्या मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओत तर पाती केळ्यासारखी वाकडी!


चोवीस_फ्रेम:

इतके दिवस नुसता वाचत होतो, हा माझा प्रांत. विमान तेच आहे, लबाडी कॅमेऱ्याची.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं काढतो. जमिनीवर चालताना मर्लिन मिनिटाला हजारभर फेरे घेतं, म्हणजे पंखा ४८० च्या आसपास, सेकंदाला ८. आठ फेरे गुणिले तीन पाती, चोवीस! म्हणजे प्रत्येक चित्राच्या वेळी आधीच्या पात्याच्या जागी बरोबर पुढचं पातं येऊन उभं. तिन्ही पाती दिसायला सारखीच, त्यामुळे पंखा थांबल्यासारखा. इंजिन किंचित मंदावलं की पातं त्या जागेच्या थोडं अलीकडेच राहतं आणि पंखा उलटा फिरताना दिसतो. पायलटने थ्रॉटल जरा पुढे केला की परत सरळ. तुझ्या शॉटमध्ये तो बहुतेक थ्रॉटलशी खेळतोय.

मोबाइलची केळी वेगळी. त्याचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचत जातो. खालच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पातं पुढे गेलेलं असतं, म्हणून वाकडं. मिररलेस कॅमेऱ्यात सायलेंट शटर चालू असेल तरी हेच होतं, मेकॅनिकल वर ठेव.

फक्त एक अपवाद लक्षात ठेव. मर्लिनचं स्पिटफायर कॉकपिटमधून बघितलं तर पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो. पण नंतरच्या मॉडेलमध्ये ग्रिफन इंजिन आलं, ते खरोखरच उलट्या दिशेला फिरतं. मर्लिनची सवय असलेले पायलट टेकऑफला नेहमीच्या बाजूचा रडर (शेपटीचं सुकाणू) दाबायचे आणि विमान भलतीकडेच ओढायचं. त्यामुळे पुढच्या वेळी पंखा उलटा दिसला तर आधी पाती मोज. पाच असतील तर कॅमेरा खरं बोलतोय.